आठशे शब्दांत न मावलेला वास

दुभाषीबाईंनी एकोणतीस वर्षं कोर्टात काढली. खुनी, लबाड मेहुणे, एकमेकांचं तोंड न पाहणारी नवरा-बायको, सगळ्यांचं बोलणं एका भाषेतून उचलायचं आणि दुसऱ्या भाषेत जसंच्या तसं ठेवायचं, हे त्यांचं काम. शिव्यांसकट. एकदा एका न्यायाधीशांनी विचारलं होतं, "बाई, ही शिवी जरा सौम्य नाही का करता येणार?" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, देणाऱ्यानं सौम्य दिली नाहीये."

अशी ही बाई निवृत्त झाली आणि चार महिन्यांत घरात बसून वैतागली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलं नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. चार भाषा येत होत्या, पण बोलायला माणूस एकच, तेही ऐकायला कमी येणारं.

तेव्हा एका रविवारी धाकटे दीर आले. ते विद्यापीठात भाषाशास्त्राचे प्राध्यापक. आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "वहिनी, मला तुमच्यासारखं माणूस हवंय. एक भाषा करतोय आम्ही. जगातल्या कुणालाही तीन आठवड्यांत यावी अशी. कुणाच्याच घरची नाही, म्हणजे सगळ्यांची."

"नाव काय तिचं?" सासूबाईंनी विचारलं.

"पालू."

"शी!" सासूबाईंनी अंग चोरलं. "भिंतीवरून काहीतरी मानेवर पडल्यासारखं वाटलं."

दुभाषीबाई हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी समितीत दाखल झाल्या.

समिती म्हणजे चौघंच. अध्यक्ष भावजी. दुसरे एक निवृत्त उच्चारतज्ज्ञ. ते दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चोखायचे आणि बोलायची वेळ आली की अर्धवट चोखलेली गोळी तोंडातून काढून त्याच कागदात गुंडाळून ठेवायचे. तिसऱ्या दुभाषीबाई. चौथे एका कंपनीचे साहेब. डबाबंद मांसाचा मोठा कारखाना होता तिचा, आणि या भाषेचा सगळा खर्च कंपनी करत होती, कारण कारखान्यात अकरा देशांतून आलेली माणसं एकमेकांशेजारी उभी राहून काम करत आणि कुणाचं कुणाला कळत नसे. साहेब बैठकीत क्वचितच बोलत. दर दहा मिनिटांनी खिशातून जंतुनाशकाची बाटली काढत, तळव्यावर दोन थेंब घेत आणि हात चोळत बसत.

विद्यापीठाच्या तळघरातली खोली. गालिच्याला ओल आलेली, मधोमध लांब टेबल, टेबलावर कंपनीकडून आलेल्या सँडविचचा ट्रे. साहेबांच्याच डब्यातलं मांस घातलेलं. पहिले दोन महिने दुभाषीबाईंनी ते सँडविच आवडीनं खाल्लं, हे सांगायला हवं. आणि कामही त्यांना मनापासून आवडलं, हेही सांगायला हवं. दहा व्यंजनं, पाच स्वर. क्रियापदाला अपवाद म्हणून नाही. 'लेपा' म्हणजे चांगलं, 'नू' लावला की उलट झालं, 'नूलेपा'. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या भाषेतल्या खाचाखळग्यांत ठेचा खाल्लेल्या बाईला हे सगळं धुतलेल्या फरशीसारखं वाटलं. त्या घरी वही घेऊन यायच्या, रात्रीच्या जेवणाआधी पाच-दहा नवे शब्द आखून काढायच्या आणि सासूबाईंना वाचून दाखवायच्या.

कुरबुरी व्हायच्या, नाही असं नाही. नात्यांचे शब्द आले तेव्हा भावजींनी काका, मामा, आत्या, मावशी सगळ्यांवर एकच काट मारली. 'मोठं, घरचं माणूस' एवढं पुरे.

"म्हणजे माझे सासरे आणि माझा मामा एकच?" दुभाषीबाई म्हणाल्या.

"वहिनी, हा गुंता संस्कृतीचा आहे. आपल्याला संस्कृती नकोय."

"मग पालूत मला हाक कशी माराल?"

भावजींनी मनात जुळवाजुळव केली. "बाई, मोठी, घरची."

"तेवढ्या वेळात चारदा वहिनी म्हणून होईल."

उच्चारतज्ज्ञ हसले, गोळी कागदात गेली, आणि मत पडलं. नाती गेली. आठशे शब्दांवर थांबायचं असं ठरलेलंच होतं. कुणीतरी जाणारच.

मग एका गुरुवारी, पावणेसहाच्या सुमाराला, यादीच्या तळाशी तीन शब्द उरले. दुर्गंधी, सडकं, किळस. 'वास' आधीच्याच आठवड्यात 'सामी'त मिसळून टाकला होता. सामी म्हणजे जाणवणं. अंगाला जाणवो, मनाला जाणवो, नाकाला जाणवो.

भावजी उठून फळ्यापाशी गेले. असं काही बोलायचं असलं की त्यांना उभं राहावं लागे. "एकाची दुर्गंधी ती दुसऱ्याची भूक. कुणी आंबवून खातं, कुणी वाळवून, कुणी जमिनीत पुरून. तान्हं मूल काहीही तोंडात घालतं, त्याला किळस आपण शिकवतो. माणसाच्या भावनांत सर्वांत जास्त संस्कृती कशात असेल तर ती किळसेत. तटस्थ भाषेत तिचं काय काम?"

साहेबांनी बाटलीचं टोपण लावलं आणि त्या दिवशी प्रथमच तोंड उघडलं. "शिवाय तिन्ही शब्द नकारात्मक आहेत. कामाच्या जागी नकोतच."

दुभाषीबाईंना काहीतरी खटकलं. पण भावजींचं बोलणं हुशारीचं होतं, आणि सहाची बस चुकली तर पुढची सव्वासातला होती. सासूबाईंची गोळी साडेसहाची. त्यांनी हात वर केला. चार विरुद्ध शून्य. बस मिळाली.

पुढे कारखान्यात चाचणी सुरू झाली. कामाच्या पट्ट्यावर फक्त पालू. दुसरी भाषा कानावर पडली तर नावापुढे फुली. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड, त्यावर चाळीस नेहमीची वाक्यं. चार महिन्यांनी अहवालाचा मसुदा तयार झाला आणि भावजींनी तो वहिनींकडे तपासायला पाठवला.

दुभाषीबाईंनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून वाचला. सगळं गोड होतं. भांडणं कमी, वेग जास्त. मग एक तक्ता आला. कामगारांनी सांगितलेली आजारपणं, दोनशे बारा. मालाबद्दलच्या तक्रारी, शून्य.

त्या शून्यावर त्यांचं बोट थांबलं. ज्याची काहीच तक्रार नाही असा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, कोर्टात तर नाहीच. त्यांनी मागची पानं उलटली. आजारपणांपैकी निम्मी सहा नंबरच्या टेबलावरची. आणि एक बाई तर एकाच आठवड्यात चौदा वेळा आजारी पडलेली, दर वेळी त्याच टेबलावर, दर वेळी दहा मिनिटांत बरी.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या. समितीच्या सदस्य म्हटल्यावर दारातच पांढरा झगा, टोपी, तोंडावर बांधायचं फडकं आणि रबरी बूट मिळाले. बुटात कुणाचा तरी ओलसर घाम अजून होता. आत थंडी, दिव्यांचा निळसर उजेड, पाण्यानं निसरडी फरशी आणि फरशीच्या मधून जाणारं गटार, त्यात तरंगणारे चरबीचे पांढरे गोळे. मुकादम अभिमानानं पुढे चालत होता.

"पूर्वी इथे नुसता बाजार असायचा, बाई. अकरा भाषांतला कलकलाट. आता ऐका."

खरंच शांत होतं. सुऱ्यांचे आवाज, यंत्राची घरघर, आणि मधूनच दोन-तीन अक्षरं.

सहा नंबरच्या टेबलाशी एक लहानखुरी बाई उभी होती. तिच्यापुढे प्लॅस्टिकचा टब, टबात मांसाचे तुकडे, ते दळायच्या यंत्रात ढकलायचे. मुकादम जवळ आल्यावर ती टबाकडे बोट करून म्हणाली, "सामी नूलेपा."

मुकादमानं खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, एक फाडून तिला दिली. ती चिठ्ठीकडे पाहत राहिली, मग भिंतीशी बाकावर जाऊन बसली. तिच्या जागी दुसरी आली आणि टब यंत्रात ढकलायला लागली.

दुभाषीबाई टबावर वाकल्या. तुकड्यांच्या कडा हिरवट करड्या. बोटानं एक तुकडा उचलला तर खालच्या तुकड्याशी जोडलेली चिकट तार लांबत लांबत आली, लाळेसारखी. मग तोंडावरच्या फडक्यातून वास शिरला. गोडसर वास होता तो. त्यांनी तुकडा टाकला, हात झग्याला पुसला, तरी बोट बुळबुळीतच राहिलं.

"ती काय सांगत होती तुम्हाला?"

"तिला बरं वाटत नाही."

"तिचं बोट कुठे होतं?"

"बोट भाषेत धरत नाहीत, बाई. हे बघा कार्ड. सामी नूलेपा, मला बरं वाटत नाही. चिठ्ठी द्यावी, दहा मिनिटं बसवावं."

"तुम्हाला वास येत नाही?"

मुकादमानं इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "येतो की. नाक आहे मला. पण तो लिहू कोणत्या शब्दात? रोजच्या अहवालात दुसरी भाषा चालत नाही."

"आणि ती चौदा वेळा आजारी पडलेली?"

"काढलं तिला. सारखी आजारी असणारी बाई काय कामाची?"

त्या काढलेल्या बाईचा पत्ता बाकावरच्या बायकांकडून मिळाला. तिचं नाव तिथे कुणालाच नीट म्हणता येत नव्हतं. आपल्या देशात ती कपडे शिवायची, म्हणून सगळ्या तिला शिवणबाई म्हणायच्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. दार उघडल्यावर दुभाषीबाईंनी तिच्याच भाषेत नमस्कार केला, कारण त्यांच्या चार भाषांतली एक नेमकी तीच होती. शिवणबाईनं त्यांना आत ओढूनच घेतलं. किती दिवसांनी कुणी तिच्याशी पूर्ण वाक्यात बोलत होतं.

"मी आजारी नव्हते हो," ती म्हणाली. "दहा वर्षांत साधी सर्दी झाली नाही मला. मी सांगत होते की हे सडलंय. लोक खातील, मरतील. पहिल्यांदा हळू सांगितलं. मग मोठ्यानं. मग टब उचलून त्या माणसाच्या नाकाखाली धरला आणि ओरडले. मी जितकी ओरडले, तितकं ते म्हणाले, हिला फारच बरं नाही."

"तुमच्या भाषेत का नाही सांगितलंत?"

"तेही केलं. तीन फुल्या झाल्या. त्यांनी काढताना त्याही दाखवल्या." ती थांबली. "असली भाषा कोणी केली असेल? ज्यानं केली त्याला नाक नसणार."

दुभाषीबाईंची मान खाली गेली. तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी कधी कुणाचं बोलणं अर्धवट ठेवलं नव्हतं. त्या दिवशी स्वतःचं ठेवलं.

त्याच आठवड्यात गुरुवारच्या बैठकीत त्यांनी सगळं सांगितलं. टब, चिठ्ठ्या, चौदा वेळा. शेवटी म्हणाल्या, "ते तीन शब्द परत घ्या. आजच्या आज कार्डावर छापा."

भावजींनी पेन्सिल फिरवली. "निरीक्षण महत्त्वाचं आहे, वहिनी. परिशिष्टात घालू. पण आठशेची मर्यादा आहे. एक घातला तर एक काढावा लागेल. कुठला काढू, सांगा."

"लेपा काढा."

"चेष्टा नको."

"चेष्टा तुम्ही करताय. लोक ते खातायत, भावजी. तुम्ही खाताय."

उच्चारतज्ज्ञांच्या हातात अर्धं सँडविच होतं. त्यांनी ते उचलून पाहिलं, वास घेतला, क्षणभर विचार केला आणि ट्रेमध्ये परत ठेवलं. चावलेली बाजू खाली करून.

दुभाषीबाई साहेबांकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं."

साहेब हात चोळत होते. जंतुनाशकाचा तो थंड, दवाखान्यासारखा वास टेबलावर पसरला. "मला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हा विषय नाही," ते शांतपणे म्हणाले. "शब्द समितीनं काढले. चार मतांनी. त्यातलं माझं एक. एक तुमचंही होतं, बाई."

माणूस किळसवाणा होता, पण खरं बोलत होता, आणि त्याची आणखी किळस आली. त्या उठल्या, गालिच्यावरून भरभर चालत बाथरूम गाठली आणि बेसिनवर वाकून सगळं ओकल्या. दोन महिन्यांत खाल्लेलं सगळं बाहेर पडलं असतं तर बरं वाटलं असतं. आरशात पाहिलं तर त्यांना स्वतःच्या तोंडाची शिसारी आली. हे तोंड दुसऱ्यांच्या शिव्यासुद्धा इमानदारीनं पोचवायचं, आणि एका बसपायी त्यानं हे केलं होतं. त्यांनी चूळ भरली, पर्स घेतली आणि खोलीत परत न जाता थेट घरी आल्या.

सासूबाईंना त्यांनी सगळं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन, मोठ्यानं. ऐकून झाल्यावर म्हातारीनं त्यांना पलंगावर शेजारी बसवलं. मग म्हणाली, "रडू नकोस. ज्यांना कळवायला हवं त्यांना कळव. आणि तुझा हातही सांग. लपवलास तर तेच सडेल."

सोमवारी त्या शिवणबाईला घेऊन अन्न निरीक्षकांच्या कचेरीत गेल्या. बाहेर भिंतीशी ओळीनं खुर्च्या. दोघी शेजारीशेजारी बसल्या. नंबर यायला वेळ होता.

"तुला एक सांगायचंय," दुभाषीबाई म्हणाल्या. "ती भाषा करणाऱ्या चौघांत मी होते. ते शब्द काढताना मी हात वर केला होता."

शिवणबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. राग परवडला असता. टबात हात घालताना जसं पाहिलं असेल तसं ती पाहत होती. मग ती उठली आणि एक खुर्ची सोडून पलीकडे बसली.

"आत येऊन बोलणार आहात ना?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"हो."

"नीट बोला."

निरीक्षक म्हणजे एक जाडजूड, दमलेल्या चेहऱ्याच्या बाई. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "वास येत होता असं म्हणताय. कसला वास?"

दुभाषीबाईंनी प्रश्न सांगितला. शिवणबाईनं श्वास घेतला आणि बोलायला लागली. चार महिने तिच्या घशात अडकलेलं सगळं बाहेर पडलं. सोमवारी आलेला माल नुसता कुबट असायचा, ओल्या पोत्यासारखा. मंगळवारी आंबूस. बुधवारी चरबी खवट व्हायची, जिभेच्या मुळाशी चव यायची. गुरुवारी कुजकट, मेलेल्या उंदराचा असतो तसा, पण वर गोड. शुक्रवारी जे यायचं त्याला तिच्या आईकडे एक शब्द होता, तो फक्त उघड्या पडलेल्या जखमेसाठी वापरायचे. हाताला लागलेला दर्प तीनदा साबण लावून जायचा नाही, भाकरीला लागायचा, उशीला लागायचा. माशा त्या टबावर बसत नव्हत्या, घिरट्या घालून जात होत्या.

दुभाषीबाईंनी एकही शब्द सोडला नाही. जिथे एका शब्दाला दोन लागले तिथे दोन दिले. आईचा तो शब्द आधी जसाच्या तसा म्हटला आणि मग त्याचा अर्थ फोडून सांगितला. निरीक्षकबाई लिहिता लिहिता थांबल्या, उठल्या आणि खिडकी उघडून परत बसल्या.

"आणि तुम्ही यात कोण?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दुभाषी," दुभाषीबाई म्हणाल्या. मग जीभ चावून म्हणाल्या, "आणि साक्षीदार. माझंही लिहून घ्या." त्यांनी शब्द काढले ती बैठक सांगितली. चार मतं, आपलं धरून. मग तेच सगळं शिवणबाईला तिच्या भाषेत सांगितलं, म्हणजे तिला ऐकू येऊ नये असं काही राहायला नको.

दोन दिवसांनी कारखान्यावर धाड पडली. शीतघराचं एक यंत्र उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून बंद होतं, हे बाहेर आलं. कुठल्याशा वसतिगृहात तीस-चाळीस जणांना उलट्या झाल्या होत्या, त्याचाही धागा जुळला. सुदैवानं कुणी दगावलं नव्हतं. कारखाना पाच आठवडे बंद राहिला आणि पुन्हा सुरू झाला. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. शिवणबाईला कुणी परत बोलावलं नाही. मुकादमाला मात्र काढलं, त्यानं रोजच्या अहवालात लिहिलं नाही म्हणून.

पालूचं काही बिघडलं नाही. एका बंदरानं ती मागितली. तिथे मांसाचा प्रश्न नव्हता.

महिन्याभरानं भावजी आले. वहिनींकडे न बघता आईच्या खोलीत गेले. "वहिनींनी मला तोंडघशी पाडलं, आई."

"तिनं काय केलं ते तिनं सांगितलंय मला," सासूबाई म्हणाल्या. "तू काय केलंस ते तू सांग."

भावजी सांगायला लागले. तटस्थता, मर्यादा, प्रयोगाचं स्वरूप. बराच वेळ बोलले. सासूबाई त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहत होत्या, मग त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. भावजी उठले. जाताना दारात म्हणाले, "छापील अहवालात तुमचं नाव आहे. आभारात."

"काढा ते."

"छापून झालाय, वहिनी."

त्यानंतर ते आईला फोन करत, पण घरी आले नाहीत. दुभाषीबाईंनी हॉस्पिटलांमध्ये पुन्हा दुभाष्याचं काम धरलं, आठवड्यातले तीन दिवस. मांस त्यांना अजून खाता येत नाही. दुकानात मांसाच्या कपाटापुढून जाताना तोंड फिरवतात.

थंडी सरता सरता एक दिवस शिवणबाईचा निरोप आला. एका मोठ्या धोबीखान्यात तिला काम मिळत होतं, फाटक्या चादरी-उशा शिवायचं. करार सात पानांचा, तिला न कळणाऱ्या भाषेत. दुभाषीबाई ठरल्या वेळेला गेल्या. वाफेनं भरलेल्या त्या कचेरीत शिवणबाई उभीच होती.

"दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं," ती म्हणाली.

"बरं केलंस," दुभाषीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, कागद पुढे ओढले आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला सुरुवात केली.